रक्तात असतं तर रियाज कशाला केला असता?

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला 'आयत्या बिळावर' हा लेख वाचला. रात्रीच लिहायला बसणार होतो पण बायको म्हणाली झोपा, सकाळपर्यंत राग उतरेल. उतरला नाही.

लेखकमहाशयांचं म्हणणं असं की बाप गेला की पोरांनी त्याच्या नावाचा बँड काढायचा, त्याचीच गाणी वाजवायची आणि जन्मभर तिकिटं विकत बसायचं, कष्ट शून्य. छान. आणि एवढं लिहून उदाहरण कुणाचं दिलं, तर ड्वीझिल झप्पाचं, अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झप्पाच्या मुलाचं! अहो, दुसरं कुणी सापडलं नाही का? फ्रँक झप्पाची 'ब्लॅक पेज' नावाची रचना आहे, मुळात ड्रमसाठी लिहिलेली, कागद नोटेशननी काळा झाला म्हणून ते नाव पडलं, भलेभले वादक तिच्यापुढे कान धरतात. हा मुलगा स्वतः गिटारिस्ट म्हणून उभा होताच, १९८२ साली त्याचं पहिलं गाणं एडी व्हॅन हेलन या नामांकित रॉक गिटारिस्टनी प्रोड्यूस केलं होतं, तरी २००६ मध्ये वडिलांची गाणी घेऊन स्टेजवर जायच्या आधी त्यानं साधारण दोन वर्षं घरात बसून उजव्या हाताची सवय मोडली आणि नव्यानं लावली. पस्तिशीच्या माणसानं! बीळ आयतं होतं तर हा खणत काय होता?

त्या सुरुवातीच्या शोंमध्ये मागं स्क्रीनवर फ्रँक सोलो वाजवायचे आणि खाली अख्खा बँड त्यांना साथ करायचा, मुलगापण त्यातच. गेलेल्या माणसाला साथ करणं म्हणजे काय ते लेखकांनी एकदा करून बघावं. तो लय कमी करत नाही, मागे वळून बघत नाही, तुम्ही चुकलात तर सांभाळून घेत नाही.

आणि वडिलांचं नाव म्हणाल तर तेही त्याला धड लाभलं नाही. ट्रेडमार्क फॅमिली ट्रस्टकडे, ट्रस्ट धाकट्या भावंडांच्या हातात, २०१६ मध्ये 'झप्पा प्लेज झप्पा' हे शोचं नाव सोडावं लागलं. पठ्ठ्यानं मग वकिली नोटिशीतलेच शब्द टूरच्या नावात घातले. मला हे फार आवडलं होतं. लेखात याबद्दल एक ओळ नाही.

आता माझं सांगतो, नाही छापलं तरी चालेल. माझे बाबा ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. ते गेले आणि त्यांच्या साथीदारांनी आठवणीचा कार्यक्रम ठरवला, अ‍ॅकॉर्डियनवर कोण तर मी, का तर मुलगा म्हणून. मला तेव्हा डावा हात म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. डाव्या बाजूला १२० बटणं असतात आणि वाजवताना त्यातलं एकही दिसत नाही, 'सी'च्या बटणावर बारीकसा खड्डा असतो तो बोटानं चाचपायचा आणि तिथून बाकीची मोजत जायची. बाबांच्या अ‍ॅकॉर्डियनवर तो खड्डाच झिजून गेला होता, त्यांच्याच बोटानं, त्यांना काय, त्यांना लागतच नव्हता. शेवटी बायकोच्या नेलपेंटचा थेंब टाकला त्या बटणावर. बाबा असते तर फोडून काढलं असतं. आठ महिने रोज ऑफिसातून आल्यावर त्यांच्या जुन्या कॅसेट मागे घेऊन घेऊन ऐकायच्या, ते भाता कुठं ओढतात आणि कुठं नुसता धरून ठेवतात एवढंच बघायला, एका कॅसेटची टेप गुंडाळली गेली ती कायमची.

कार्यक्रम झाला. सात गाणी वाजवली, दोन ठिकाणी चुकलो. निवेदक विंगेत येऊन पाठ थोपटून म्हणाले, "रक्तातच आहे हो तुमच्या!" आणि दहा मिनिटांनी मी वाद्य गाडीत ठेवत होतो तेव्हा हेच गृहस्थ पलीकडे कुणाला तरी सांगत होते, "बाबांची सर नाही." दोन दिवसांनी एका पेपरात ओळ आली, 'वडिलांच्या पुण्याईवर टाळ्या'. तुमचा पेपर नव्हता तो, हे प्रामाणिकपणे सांगतो. म्हणजे बरं वाजलं तर रक्त आणि चुकलं तर मी, आणि आठ महिने गेले कुठं?

एडीच्या मुलानं, वुल्फगँगनं, वडील गेल्यावर सांगितलं की मी माझ्या बँडमध्ये त्यांची गाणी वाजवणार नाही, तर लोक त्याच्याही मागे लागले. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या ड्रमरचा मुलगा जेसन बोनम चौदा वर्षांचा होता वडील गेले तेव्हा, २००७ मध्ये लंडनला त्याच बँडनी त्याला वडिलांच्या जागी ड्रमवर बसवलं, तिथं कुणाला आयतं बीळ दिसलं नाही, त्यानं स्वतःचा शो काढल्यावर दिसलं. एखाद्या पेपरच्या मालकाचा मुलगा पेपर चालवायला घेतो तेव्हा पुरवणीत लेख येत नाही ना? (हे वाक्य कापणार तुम्ही, माहितीये.)

होलोग्रामबद्दल मात्र लेखकांशी सहमत आहे. २०१९ मध्ये फ्रँकचा होलोग्राम टूरवर काढला, ड्वीझिल त्यात नव्हता. प्रकाशाच्या बाहुलीला नेलपेंट लावावं लागत नाही.

आपला जुना वाचक
(नाव छापू नये)

ता. क. : 'ड्वीझिल झप्पा' म्हणून छापलेला फोटो फ्रँकचा आहे. निदान ती मिशी तरी बघायची. आणि गेल्या महिन्यात माझं पत्र छापलंत त्यातल्या शेवटच्या चार ओळी उडवल्या होत्यात, मुद्दा नेमका त्यातच होता.