मला उन्हात बसता येत नाही, मंत्रिमहोदय

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य,
सादर नमस्कार.

आपला वेळ मोलाचा, म्हणून चार ओळीच लिहायच्या असं ठरवलं होतं. पण परवा सोमवारी जे झालं ते चार ओळींत मावत नाही.

मी 41 वर्षांची आहे, उत्तर गोव्यातल्या एका खेड्यात राहते. गेली नऊ वर्षं मला ल्युपस आहे. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, तो हा आजार. दहातले नऊ रुग्ण बायका. ऊन लागलं की तो उसळतो. तोंडावर चट्टे उठतात, सांधे धरतात, ताप भरतो. म्हणून मी डिसेंबरातही छत्री उघडून चालते आणि लोक वळून वळून बघतात.

परवा एका सरकारी इस्पितळात मी पाचव्यांदा व्हिटॅमिन डीच्या तपासणीसाठी गेले. जूनमध्ये सांगितलं होतं, किट संपलंय. जुलैत तेच. ऑगस्टमध्ये खिडकीतून उत्तर आलं, ‘चवथीनंतर या, नक्की होईल.’ चवथ झाली. मी गेले, नाही म्हणाले. दसराही झाला. परवा पुन्हा, ‘बाहेरून करून आणा.’ आणि आत बसलेले नवे डॉक्टर मान वर न करता म्हणाले, ‘बाई, रोज सकाळी अर्धा तास उन्हात बसत जा. मनही प्रसन्न राहील.’

माझ्या केसपेपरच्या पहिल्या ओळीत ल्युपस लिहिलंय. त्याखाली त्याच इस्पितळातल्या दुसऱ्या डॉक्टरांच्या अक्षरात ‘ऊन टाळा’ असं आहे, खाली दोन रेघा ओढून. एका डॉक्टरनं टाळ म्हणायचं, दुसऱ्यानं बस म्हणायचं, आणि मधल्या मध्ये मी रोग वाढवून घ्यायचा का?

शेवटी तपासणी बाहेर केली. पंधराशे रुपये गेले. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड माझ्याजवळ आहे, पण ते तिथे चाललं नाही. अडीच लाख, चार लाखांचं विमाकवच म्हणून आपण सांगता. मला त्या दिवशी पंधराशेच हवे होते. आकडा आला 9. वीसच्या खाली गेलं की कमतरता धरतात.

हे काही माझं एकटीचं नशीब नव्हे. ड जीवनसत्त्व कातडीत उन्हानं तयार होतं, मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. तेव्हा डायलिसिसवर असलेला माणूस, यकृताचा रुग्ण, वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणारी माझ्यासारखी, पक्षाघातानं घरात पडून असलेले कुणाचे वडील, या सगळ्यांत ते कमी पडण्याचा धोका असतो. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ दाटलेलं. हे खात्याला ठाऊक नाही असं मी मानत नाही. मग या रुग्णांची तपासणी आपणहून का होत नाही?

ते कमी झालं की काय होतं तेही सांगते. हाडं आतून ठणकतात. मांड्यांत ताकद राहत नाही. खाली बसले की मी भिंतीला हात लावून, आधी एक गुडघा आणि मग दुसरा असं करत उठते. यंदा चवथीला दीर गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधत होते, जाऊबाई नेवऱ्या तळत होत्या, आणि मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. आरती सुरू झाली तरी उठले नाही. रडू का येतंय तेही कळत नव्हतं. सासूबाई येऊन पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, ‘मनाला लावून घेऊ नकोस गो.’ त्यांनी निदान विचारलं. नऊ वर्षांत एकाही ओपीडीत मला ‘मन कसं आहे?’ असं कुणी विचारलेलं नाही.

मी अडाणी मागणी करत नाही. व्हिटॅमिन डीची पुडी म्हणजे नैराश्यावरचं औषध नव्हे, हे मी वाचलंय. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या 18,000 हून जास्त लोकांवर पाचेक वर्षं अभ्यास झाला, रोज 2,000 युनिट देऊनही नैराश्य टळलं नाही, असं 2020 साली प्रसिद्ध झालं. आणि मनानंच जास्त घेतलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते, तेही माहीत आहे. म्हणून तर आधी तपासणी मागते! पण दुखणाऱ्या हाडांनी माणूस अंथरूण धरतो, अंथरूण धरलेलं मन खचतं, खचलेला माणूस गोळ्या चुकवतो आणि मूळ आजार पुन्हा डोकं वर काढतो. हे चक्र तोडायचं कुणी? हाडांची खिडकी वेगळी, रक्ताची वेगळी, आणि मनासाठी ‘बांबोळीला जा’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. बांबोळीला जा म्हटलं की गावात त्याचा काय अर्थ निघतो, ते आपण गोव्याचेच असल्यानं मी समजावायला नको.

मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढे आहे. याचं उत्तर आपल्याच गोव्यात सापडलेलं आहे. संगत ही संस्था 1996 पासून इथे काम करते. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा-आठ बैठकांत बोलून त्यांना बरं वाटायला लावलं. ते 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जगानं वाचलं. माझ्या गावच्या केंद्रात मात्र आजही असा समुपदेशक नाही. 2017 च्याच मानसिक आरोग्य कायद्याचं 18 वं कलम सांगतं की मनाचे उपचार सर्वसाधारण आरोग्यसेवेत, अगदी प्राथमिक पातळीपासून, मिळाले पाहिजेत. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

पैसे नाहीत, असं सांगू नका. नोव्हेंबर आला की चित्रपट महोत्सवासाठी पणजी दिव्यांनी उजळते. मांडवीत कॅसिनो रात्रभर झगमगतात. गोव्याचं ऊन अंगावर घ्यायला साऱ्या जगानं यावं म्हणून जाहिराती होतात. त्याच गोव्यात ज्यांना ऊन सोसत नाही त्यांच्या रक्तातलं ड मोजायचं किट पाच महिने येत नाही, आणि त्याचा जाब कुणालाच विचारला जात नाही. किट कुणी मागवायचं होतं? मागणी कुठल्या टेबलावर पडून आहे? एवढी साधी गोष्ट रुग्णाला सांगायचीही पद्धत आपल्या व्यवस्थेत नाही. खिडकी बंद होते, ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतात, आणि आम्ही मुकाट येतो.

दीर्घ आजाराच्या प्रत्येक रुग्णाची वर्षातून एकदा तरी ही तपासणी फुकट व्हावी. त्याच दिवशी, त्याच छपराखाली कुणीतरी त्याच्याशी दहा मिनिटं बोलावं. यापेक्षा जास्त मी काही मागत नाही.

येत्या 20 तारखेला मला पुन्हा बोलावलंय. सकाळी साडेसहाची कदंबा बस पकडीन, छत्री आणि केसपेपरची पिशवी घेऊन. किट आलंय की नाही, एवढं त्याआधी कुणाला तरी विचारून ठेवा.

आपली,
उत्तर गोव्यातली एक ल्युपस रुग्ण