कार्पेटचा कोपरा उचलणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहता, तरी हे पत्र लिहिते आहे. आभाराचा शब्द काढला की तुम्ही "चहा टाक" म्हणून विषय बदलता. आता मी बोलत राहणार आणि तुम्हाला मध्ये तोडता येणार नाही. शिवाय गेल्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या एका घरी पाण्याचा पाइप फुटला. तिथे मी धावत गेले आणि जे बोलले ते सगळं तुमचं होतं. म्हणून हे सगळ्यांसमोर.

१ सप्टेंबर २०२१, बुधवारची रात्र. आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर असा कोसळला की नेवार्कला त्या एका दिवसात ८.४१ इंचांची नोंद झाली. एडिसनमध्ये आमची वीज गेली आणि विजेबरोबर बेसमेंटच्या खड्ड्यात साचणारं पाणी बाहेर फेकणारा संप पंपही थांबला. बेसमेंटच्या जमिनीतल्या ड्रेनमधून पाणी उलटं वर आलं. मोजून चार बोटं. शेजारच्या गावांत लोकांची घरंच्या घरं गेली, माणसं गेली. त्यापुढे चार बोटं पाणी म्हणजे आपण वाचलो, असं मी मनाशी म्हटलं.

गुरुवारी वीज आली. ओलं खेचणारा व्हॅक्यूम एकाही दुकानात शिल्लक नव्हता. आम्ही दोघांनी टॉवेल दाबून दाबून पाणी काढलं, खिडक्या बंद करून हीटर लावला, पंखे फिरवले. शुक्रवारी कार्पेट हाताला कोरडं लागलं. वास येत होता म्हणून मी वरून ब्लीच मारलं आणि उदबत्ती लावली. शुक्रवारी रात्री धाकट्याचा खोकला सुरू झाला. त्याला दम्याचा त्रास आहे हे तुम्हाला माहीत होतं, मला तर होतंच, पण मी तो खोकला हवाबदलावर ढकलला.

शनिवारी संध्याकाळी तुम्ही आलात ते मखरासाठी. गणपती १० तारखेला होते आणि दरवर्षी ते आमच्या बेसमेंटमध्येच बसायचे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तुम्ही थांबलात. काही बोलला नाहीत. पक्कड मागितलीत, कोपऱ्यात गुडघे टेकलेत आणि कडेच्या खिळ्यांच्या पट्टीवरून कार्पेट सोडवून उचललंत.

ते दृश्य मी विसरलेले नाही. वरून कोरडं दिसणारं कार्पेट, खाली पाण्याने टम्म फुगलेला स्पंजचा पॅड, आणि कार्पेटच्या उलट्या बाजूला हिरवट-काळे ठिपके, वितभर पसरलेले. तुम्ही म्हणालात, "मटकीला मोड आणायला आपण काय करतो? ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवतो. इथे तेच झालंय."

मी वाद घातला, काका. त्याच कार्पेटवर दोन्ही मुलं रांगली होती. ते नवीन घालायचं तर किती पैसे लागतील हेही डोक्यात होतं. मी म्हटलं, आणखी दोन दिवस पंखे लावू, अजून ब्लीच टाकू. तुम्ही आवाज न चढवता समजावलंत. ओल्या वस्तूला बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात आणि इथे तिसरा दिवस संपत आला होता. हे नळाचं पाणी नव्हतं, ड्रेनचं होतं. त्यात भिजलेला पॅड आणि कार्पेट धुऊन वापरायचं नसतं. ब्लीच वरच्या धाग्यांवर राहतं, आत पोचत नाही. आणि बुरशी मेली तरी तिची पूड तिथेच राहते. दम्याच्या मुलाला तीसुद्धा पुरते. माझ्या दुसऱ्या हातातली फरशी पुसायची बाटली तुम्ही काढून घेतलीत. तिच्यात अमोनिया होता. तो ब्लीचमध्ये मिसळला की विषारी वायू होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग तुम्ही चिपळूणचं सांगितलंत. सहा आठवड्यांपूर्वी, २२ जुलैला, वाशिष्ठीचं पाणी तुमच्या भावाच्या घरात शिरलं होतं. वहिनींनी गाद्या आणि सतरंज्या टाकल्या नाहीत, सुकतील म्हणून माळ्यावर ठेवल्या. कोकणातल्या आषाढात ऊन कुठलं? पंधरा दिवसांत सगळ्या फेकाव्या लागल्या आणि भिंतींना धरलेला वास घरात राहिला तो राहिलाच. "तिकडे मी नव्हतो," एवढंच म्हणालात. त्यानंतर मी वाद घातला नाही.

लेबर डेच्या सुट्टीचे उरलेले दोन दिवस तुम्ही आमच्या बेसमेंटमध्ये काढलेत. मुलांना काकूंकडे पाठवलंत. जिन्याच्या दाराला प्लॅस्टिक लावलंत, हवा वरच्या मजल्यावर जाऊ नये म्हणून हवेच्या नळ्यांची तोंडं, व्हेंट, बंद केलेत. कोविडमुळे एन-९५ मास्क घरात होतेच. आधी सगळ्याचे फोटो काढायला लावलेत आणि कार्पेटचा एक तुकडा कापून पिशवीत बंद करून ठेवायला सांगितलंत, विम्यासाठी. (साध्या घराच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत, हे आम्हाला नंतर कळलं. पण आपली मिडलसेक्स काउंटी आपत्तीग्रस्त जाहीर झाली, आणि फेमाकडे, म्हणजे आपत्तीत मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अर्ज करताना तेच फोटो हाताशी होते.) मग कार्पेटच्या हातभर रुंद पट्ट्या कापून, गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये बांधून बाहेर. ओढत न्यायचं नाही, उचलून न्यायचं, हे तुम्ही दहा वेळा तरी बजावलंत.

मला सगळ्यात जड गेलं ते भिंत कापणं. पाणी चार बोटंच होतं, भिंत वरून स्वच्छ होती. तुम्ही बोटाने दाबून दाखवलंत: शीटरॉक, म्हणजे भिंतीचा कागद लावलेला जिप्समचा तक्ता, पाणी वातीसारखं वर ओढतो. दीड फुटावर रेघ मारून कापलंत तेव्हा थंडी अडवायला भिंतीच्या आत भरलेला कापूस ओलाचिंब निघाला, आणि शीटरॉकच्या मागच्या कागदावर तेच ठिपके. तो कापूस काढला नसता तर सिमेंटची जमीन घासून काय उपयोग होता?

जमीन साबणाच्या पाण्याने घासली, लाकडी चौकट पुसली, आणि तुमचा डीह्यूमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचणारं यंत्र, लावला. त्याची बादली पहिल्या दिवशी चार-चार तासांनी भरत होती. तुम्ही दिलेल्या छोट्या मीटरवर आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय आणि लाकूड पूर्ण सुकल्याशिवाय भिंत बंद करायची नाही, अशी तुमची ताकीद होती. तीन आठवडे लागले.

त्या वर्षी गणपती वर दिवाणखान्यात बसले, मखराशिवाय, पाटावर. आरती संपली की खालून डीह्यूमिडिफायरची घरघर ऐकू यायची. धाकटा पहिल्या रांगेत झांजा वाजवत होता आणि खोकत नव्हता. तुम्ही मागे दाराशी उभे होतात, हाताच्या बोटांना पट्ट्या होत्या. खिळ्यांच्या पट्टीने कापलेली ती बोटं मी पाहिली आणि तेव्हाही आभार मानायचे राहून गेले.

काका, त्या शनिवारी कार्पेट सुकलंय असं मी सगळ्यांना सांगत होते. तुम्हीही मान डोलावून मखराकडे वळू शकला असता. दुसऱ्याच्या घरात गुडघे टेकून त्याचा कोपरा उचलायला किती जीव लागतो, हे गेल्या महिन्यात त्या ओळखीच्या घरी मला कळलं. माझाही हात आधी अडखळला. मग मीही पक्कड मागितली. त्यांचं पाणी नळाचं होतं आणि दुसराच दिवस होता, त्यामुळे फक्त पॅड टाकावा लागला, कार्पेट वाचलं.

आमच्याकडे आता खाली फरशी आहे, आणि उचलून उन्हात घालता येईल अशी एक सतरंजी. तुमचा डीह्यूमिडिफायर सध्या त्या घरी आहे. पुढच्या आठवड्यात परत आणते, चहा तुमच्याकडेच घेईन.

काकूंना नमस्कार.

तुमची,
दोन घरं अलीकडची सूनबाई