आत्महत्येच्या बातमीखाली 14416 हा मदतीचा नंबर छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कर्जाला कंटाळून जीवन संपवले’ असा मथळा दर पंधरवड्याला कुठल्या ना कुठल्या पेपरात दिसतो. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, 22 वर्षं शाळेत शिकवलं. आमच्या बोळात घरटी एक जण यंत्रमागावर, नाहीतर विडी वळायला. कर्ज, फायनान्सचे हप्ते कुणाला नाहीत? माणूस एकट्या कर्जाने तिथवर जात नाही. झोप उडालेली असते, आजार अंगावर काढलेला असतो, कधी दारू असते, आणि बोलायला कुणी नसतं. मथळ्यात यातलं काहीच येत नाही.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने मला हाक मारली. म्हणाला, “बाई, तुमच्या शेजारच्याने आज सगळी उधारी फेडली. वहीवर समोर उभं राहून रेघ मारून घेतली. म्हणाला, आता माझ्याकडं काही राहिलं नाही ना?” त्याच आठवड्यात त्याने आपली सायकल भाच्याला देऊन टाकली होती. तो रात्री तीनला उठून बसतो, असं त्याची बायको मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता सांगायची. बायका तिला बाधा उतरवून घ्यायला सांगत होत्या.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. इकडचं तिकडचं बोलले, चहा झाला. मग सरळ विचारलं, “खरं सांग, जीव द्यायचं मनात येतं का?” विचारताना माझाच घसा कोरडा पडला. नसलेला विचार आपणच डोक्यात घालतो की काय, ही भीती मलाही होती. ती खोटी आहे. असं सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, हे मानसोपचाराचे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दोन महिने झालं बाई, रोज येतंय.” आणि रडला.

मी त्याला एक शब्दही उपदेश केला नाही. ‘पोराबाळांचा विचार कर’ हे अगदी ओठावर आलं होतं, पण तो तर रात्रंदिवस त्यांचाच विचार करत होता. त्या रात्री त्याचा भाऊ त्याच्याजवळ झोपला. मी 14416 ला फोन लावून त्याच्या हातात दिला. ही केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा, मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणारी, ऑक्टोबर 2022 पासूनची. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते. मराठीशिवाय तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलता येतं, आणि आमच्या भागात याला फार महत्त्व आहे. बाहेर मराठी बोलणारा माणूस दुःख मात्र आईच्या भाषेतच सांगतो. सकाळी आम्ही सिव्हिलला जाऊन केसपेपर काढला, मानसोपचार विभागात दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. फरक पडायला काही आठवडे लागले, मध्ये एकदा त्याने त्या बंदही केल्या. पुन्हा नेलं.

अजून एक भीती घराघरात आहे, पोलिस केसची. प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला त्यामुळे दवाखान्यात न्यायलाही उशीर होतो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर येते. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं 309 कलम तर 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत राहिलेलंच नाही. हे लोकांना सांगणार कोण?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये महाराष्ट्रात 22,746 आत्महत्या झाल्या, देशात सर्वाधिक. शेजारच्या धाराशिवसह 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी सरकारने 2015 मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, त्यात आशाताईंना घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करायचं काम दिलं. आमच्या मागवाल्यांची, विडी वळणाऱ्या बायकांची अशी विचारपूस कुणी करावी, हे महापालिकेने एकदा ठरवावं.

आपल्याकडे मात्र माझी विनंती साधी आहे. प्रेस कौन्सिलने 2019 मध्येच सांगितलंय की अशा बातम्या ठळक छापू नयेत, पद्धतीचं वर्णन करू नये. तेवढं पाळा. प्रत्येक बातमीखाली चौकटीत 14416 छापा, आणि तो अक्षर मोठं ठेवून छापा. आमच्याकडे पेपर हॉटेलात, एकाने वाचून चौघांनी ऐकायचा असतो.

आमच्या दुकानदाराने उधारीच्या वहीच्या पहिल्याच पानावर तो नंबर लिहून ठेवलाय. शेजाऱ्याचं खातं त्याच वहीत पुन्हा सुरू झालंय. परवाच त्याने पाच किलो तांदूळ उधारीवर नेले.

आपली,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर