मानसशास्त्रज्ञ हवा, पण आदल्या रात्री नको

महोदय,

मोठ्या स्पर्धेत हार झाली की ‘संघाला मानसशास्त्रज्ञ द्या’ अशी मागणी वाचकांच्या पत्रांतून हमखास होते. मागणी रास्त आहे. पण मागणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो सामन्याच्या आदल्या रात्री येऊन जोशपूर्ण भाषण ठोकणारा पाहुणा. क्लिनिकल क्रीडा मानसशास्त्रज्ञ एकाग्रता वगैरे शिकवतोच, पण नैराश्य, चिंताविकार, खाण्याचे विकार, व्यसन वेळीच ओळखून उपचार करणे हे त्याचे मुख्य काम. ते एका रात्रीत होत नाही.

सुरुवात चाळणीपासून, म्हणजे त्रास कोणाला आहे हे प्रश्नावलीने ओळखण्यापासून. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १६ वर्षे व त्यापुढील खेळाडूंसाठी दिलेल्या पद्धतीत आधी १० प्रश्न असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज १७ किंवा जास्त आली की झोप, नैराश्य, चिंता, मद्यपान, आहार यांच्या वेगळ्या प्रश्नावल्या. हंगामाच्या सुरुवातीला आणि मोठ्या दुखापतीनंतर, शस्त्रक्रियेनंतर ही चाळणी व्हायला हवी. गाडे अडते ते कागद गोळा करताना. ते व्यवस्थापकाच्या हातात पडणार हे माहीत असले की प्रत्येक उत्तर ‘कधीच नाही’! अख्ख्या संघाचे गुण किमान आले, तर आनंद मानण्याऐवजी कागद कोणी गोळा केले ते विचारावे.

आता गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेली खेळाडू घ्या. फिजिओने हिरवा कंदील दाखवला, दोन्ही पायांत ताकद सारखी, तरी उडीनंतर उतरताना ती सगळा भार चांगल्या पायावर टाकते. ‘मन घट्ट कर’ म्हणून भागत नाही. तिच्यासोबत बसून भीतीच्या पायऱ्या लिहायच्या आणि तिनेच त्यांना ० ते १०० गुण द्यायचे. समजा, जागच्या जागी उडी मारून दोन्ही पायांवर उतरणे २०, ठोकळ्यावरून उतरणे ४०, एका पायावर ६०, प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना ९०. एका पायरीवरची भीती निम्म्यावर आली की पुढची. तोवर तीच, फिजिओच्या देखत. दोन चुका नेहमी होतात. प्रशिक्षक घाईने ६० वरून थेट सामन्यात उतरवतो आणि एका धडकेत ती पुन्हा पहिल्या पायरीवर येते. दुसरी चूक पटकन दिसत नाही: डॉक्टरांनी गरज नाही म्हटल्यावरही ती पट्टा बांधल्याशिवाय उडी मारत नाही. मग श्रेय पट्ट्याला जाते आणि गुडघ्यावरचा विश्वास काही परत येत नाही.

श्वासाच्या तंत्राचीही अशीच माती होते. ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. काही आठवडे रोज केले तर दडपणात उपयोगी पडते. सामन्याच्या सकाळी प्रथमच केले तर लक्ष उलट धडधडीकडेच जाते.

औषधे मनोविकारतज्ज्ञ देतो, पण जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे ‘वाडा’ची, बंदी असलेल्या औषधांची यादी त्याला आणि मानसशास्त्रज्ञाला, दोघांनाही ठाऊक हवी. नैराश्यावरची एसएसआरआय औषधे चालतात. हाताची थरथर कमी करणारे बीटा ब्लॉकर मात्र नेमबाजी आणि तिरंदाजीत स्पर्धेबाहेरही बंद आहेत.

संघटनांनी नेमणुकीच्या करारातच लिहावे: मानसशास्त्रज्ञ निवड समितीत बसणार नाही, प्रशिक्षकाला ‘पूर्ण सराव’, ‘मर्यादित सराव’ किंवा ‘विश्रांती’ एवढेच कळवेल, बाकी सगळे गोपनीय राहील, जिवाला धोका आणि अल्पवयीनावरील अत्याचार हे अपवाद, आणि तेही खेळाडूला पहिल्याच भेटीत सांगितले जातील.

– एक क्लिनिकल क्रीडा मानसशास्त्रज्ञ