मामा, ती लगामाची कडी

मामा,

हे पत्र तुमच्या पुतण्याने तुम्हाला वाचून दाखवायचं आहे. लाजून तो दोन-चार वाक्यं गाळेल, गाळू दे.

डिसेंबरात दस्तुरी नाक्यावर उतरले तेव्हाच मी घरच्यांना बजावलं होतं, घोड्यावर बसणार नाही. माथेरानात पुढे आपली गाडी नेता येत नाही ना, मग तांबड्या मातीतून पायी चालेन. कारण तुम्हाला नंतर सांगितलंच. सेहेचाळिसाव्या वर्षी हौसेने शहरात घोडेस्वारी शिकायला गेले होते. तिथल्या सरांचा एकच पाढा : ‘मालक कोण ते घोड्याला कळलं पाहिजे.’ अडला की टाच, तरी हलला नाही की छडी. एकदा मी नको नको म्हणत असताना त्यांनीच मागून छडी ओढली. घोडा उसळला, मी पडले, डावं मनगट मोडलं. वर ऐकवलं, ‘मॅडम, तुमच्यात दमच नाही.’ फी मात्र पूर्ण घेतली.

तुम्ही मला तुमच्या चांदणी घोडीवर ‘बसा’ म्हणालातच नाही. दोन दिवस हातात नुसता तिचं अंग घासायचा खरारा दिलात. माझा हात थरथरत होता. तुम्ही म्हणालात, ‘अंगावर माशी बसली तरी कळतं तिला, हे नाही कळायचं? थांबा जरा, मग लावा हात.’ मी सरळ तोंडासमोर गेले तर बाजूला घेतलंत. अगदी नाकासमोरचं तिला दिसत नाही, शेपटीमागचंही नाही. खांद्याकडून यायचं, बोलत यायचं. मी गूळ काढला तर हसलात. ‘गुळानं ती पिशवी ओळखंल ताई, तुम्हाला नाही.’

पण खरे आभार मानायचेत ते तिसऱ्या सकाळचे. गारठा होता. लगाम चढवायच्या आधी तुम्ही त्याची लोखंडी कडी सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून उभे राहिलात. मला वाटलं काही दुखतंय. विचारलं, तर म्हणालात, ‘थंड लोखंड तोंडात कुणाला आवडंल?’ कुणाला दाखवायला केलेलं नव्हतं ते. मी नसते तरी तुम्ही तसेच उभे राहिला असता. चौथ्या दिवशी काही न बोलता कडी माझ्या हातात दिलीत. मी ती शालीत धरली, चांगली ऊब येईपर्यंत. चांदणीने आपणहून तोंड उघडलं.

त्या दिवशी वळणावर प्लॅस्टिक फडफडलं आणि ती जागच्या जागी थिजली. मान वर, कान ताठ. माझ्या टाचा आपोआप आवळायला लागल्या होत्या. तुम्ही लांबून नुसतं बघत होतात. मी लगाम सैल सोडला, श्वास सोडला. ती फुरफुरली, मान खाली घातली आणि चालू लागली. मी रडले ते तुम्ही पाहिलंत, आणि पाहिलं नाही असं दाखवलंत, तेही लक्षात आहे.

माणसाशी इतक्या अदबीने वागणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. हाताखालच्या मुक्या जिवाशी, कुणी बघत नसताना तसं वागणारे तर तुम्हीच पहिले.

जानेवारीत येतेय. गूळ आणणार आहे, तुम्ही रागावाल हे माहीत असून. एकच खडा, तोही खरारा झाल्यावर.

तुमची,
पुण्याच्या ताई