रिकाम्या पिंजऱ्यावर पाटी लावा

संपादक महोदय,

‘प्राणीसंग्रहालयात आता बघण्यासारखं राहिलंय काय?’ अशा सुराची पत्रं आपल्या सदरात अधूनमधून येतात. हत्ती गेला, अस्वल दिसत नाही, माकडांच्या पिंजऱ्यांची रांगच पाडून टाकली. प्राण्यांची देखभाल करणारा कीपर म्हणून नोकरी करून निवृत्त झालो असल्याने या तक्रारीवर बोलावंसं वाटतं. प्राण्यांच्या जाती कमी झाल्या हे खरं आहे आणि ते योग्यच झालं. चुकतंय ते निराळ्याच ठिकाणी.

मी कामाला लागलो तेव्हा जितक्या जास्त जाती तितकं संग्रहालय मोठं, असा हिशेब होता. प्रत्येकाला एक पिंजरा, खाली सिमेंट. सिमेंट का, तर पाइपने पाणी मारलं की झटपट स्वच्छ. ही सोय आमची होती, जनावराची नव्हे. हत्तीला कडक जमिनीवर वर्षानुवर्षं उभं ठेवलं की तळव्यांना भेगा पडतात, नखांशी पू होतो, सांधे धरतात. लंडनच्या प्राणीसंग्रहालयात 1934 साली पेंग्विनांसाठी काँक्रीटचा तलाव बांधला. त्याचे वळणदार उतार पाहायला आजही वास्तुकलेचे विद्यार्थी जातात, पण पेंग्विन 2004 मध्येच तिथून हलवले. त्याच संग्रहालयाने 2001 मध्ये आपले हत्ती लंडनबाहेर व्हिप्सनेडच्या मोकळ्या जागेत पाठवले.

मांसाहारी प्राण्यांचंही तेच. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. रानात ज्यांचा वावर जितका लांबवर, ते पिंजऱ्यात तितक्या जास्त येरझाऱ्या घालतात, असं त्यात दिसलं. ध्रुवीय अस्वलाला संग्रहालयात मिळणारी जागा त्याच्या नैसर्गिक वावरक्षेत्राच्या साधारण दहा लाखाव्या भागाएवढी भरते. पिंजऱ्यातल्या फरशीवर एकाच रेषेत गुळगुळीत झालेला पट्टा ज्याने रोज झाडलाय, त्याला हा आकडा सांगावा लागत नाही. लोक मात्र म्हणायचे, ‘बघा, किती चपळ आहे!’

नव्या आवारात प्राणी दिसत नाही, ही दुसरी तक्रार. अहो, आवारात झुडपं, ओंडके, आडोसा ठेवलेला असतो तो त्याला आपल्याकडे पाठ फिरवता यावी म्हणूनच. थोडं थांबा, आवाज करू नका, दिसेल. नाही दिसला तर तो त्याचा अधिकार समजा.

आता चूक कुठे ते सांगतो. प्राणी हलवतात, पण कुणाला कळू देत नाहीत. एक दिवस पाटी काढलेली असते, दाराला कुलूप. पाहणारा कीपरला विचारतो आणि कीपरला ‘साहेबांना विचारा’ याखेरीज काही बोलायची मुभा नसते. मग ‘मेला असेल, दडवतायत’, ‘रातोरात विकला’ अशा वावड्या उठतात. वास्तविक मोठं जनावर रातोरात हलत नाही. प्रवासाची पेटी आधी कित्येक दिवस त्याच्या दाराशी आणून ठेवतात. दोन्ही बाजू उघड्या. खाणं आधी पेटीच्या तोंडाशी, मग मध्यावर, मग पार आत. ते आपणहून आत जाऊन निवांत खायला लागलं, की एकेक दार लावून पुन्हा उघडायचं. दाराच्या आवाजाने बिचकलं की पुन्हा पहिल्यापासून. बेशुद्ध करून नेण्यातला धोका टाळायचा असेल तर दुसरा रस्ता नाही. ही मेहनत लोकांना दाखवण्यासारखी आहे, आणि आपण ती लपवतो!

डेट्रॉईटच्या संग्रहालयाने 2004 मध्ये आपल्या दोन्ही हत्तिणींना अभयारण्यात पाठवण्याचं आधी जाहीर केलं. कडाक्याची थंडी, आखडलेले सांधे ही कारणं उघडपणे सांगितली. अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या संघटनेशी त्यावरून वादही झाला. पण 2005 मध्ये हत्तिणी गेल्या तेव्हा त्या कुठे आणि का गेल्या, हे लोकांना ठाऊक होतं.

तसंच नव्याने येणाऱ्यांबद्दल. गर्दी खेचायला पांढरा वाघ आणण्याची टूम सगळीकडे निघते. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. पिंजऱ्यांतल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचं मूळ 1951 मध्ये रीवा इथे पकडलेल्या मोहन या बछड्यापर्यंत जातं. तो रंग टिकवायला नात्यातच जोड्या लावल्या गेल्या. तिरळेपणा तर त्या रंगाबरोबरच येतो. उलट अरबी ओरिक्स हा लांब शिंगांचा, हरणासारखा वाळवंटी प्राणी रानातून 1972 च्या सुमारास संपला होता, तो संग्रहालयांतल्या कळपांच्या जोरावर 1982 मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडता आला. आवार मोकळं झालं की कुणाला आणायचं, हा निर्णय असल्या माहितीवर व्हावा, तिकीटखिडकीवर नव्हे.

मागणी साधी आहे. प्राणी हलवला की त्याच पिंजऱ्यावर पाटी लावा : इथे कोण होतं, कुठे गेलं, का गेलं, त्याच्या जागी कोण येणार. मेला असेल तर तसं लिहा, वय आणि कारण लिहा. मजकूर कीपरकडून घ्या, त्याला प्राण्याच्या खोडीसुद्धा माहीत असतात. खर्चाची सबब तर सांगूच नका. जुनी पाटी उलटी करून मागच्या बाजूला लिहिलं तरी चालेल.

– एक निवृत्त कीपर