गोड शेवटाच्या कादंबऱ्या आणि त्या वाचणारे आवाज

परभणी,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय शालू हिस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. एका प्रेमकादंबरीचे ऑडिओबुक तुझ्या आवाजात व्हावे असे घाटत आहे, हे वाचून फार आनंद झाला. ‘तू इतकी ऐकतेस, तर वाचणाऱ्याने काय करावे आणि काय टाळावे ते भीडभाड न ठेवता लिही,’ ही तुझी आज्ञाही शिरसावंद्य आहे. आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषिका म्हणून तू काम केलेले आहेस. उच्चार, दमसास, वाक्य कुठे तोडावे याची जाण, यांपैकी काहीही तुला शिकवण्याची माझी पात्रता नाही. मी लिहीन ते केवळ कानाच्या बाजूने. शाळेसाठी सेलूला जाता-येता आगगाडीत, आणि संध्याकाळी भाकऱ्या थापताना, जी बाई वर्षानुवर्षे असल्या कादंबऱ्या ऐकत आली आहे, तिचे हे मत समज.

आपल्याकडे ही सोय तशी अलीकडची आहे. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचे ॲप २०१७ साली भारतात आले तेच मराठी सोबत घेऊन, आणि पुढच्याच वर्षी ऑडिबल या तसल्याच ॲपची भारतातली सेवा सुरू झाली. तोवर कादंबरी ऐकायची म्हणजे रेडिओवर क्रमशः वाचन लागेल त्या वेळेला घरी असायचे. आता प्रकरण थांबवता येते, मागे नेता येते, आणि गाडीत रेंज जाते म्हणून आदल्या रात्रीच उतरवून ठेवता येते. मी त्यातल्या त्यात हलक्याफुलक्या, शेवट गोड असणाऱ्या प्रेमकथाच निवडते, याबद्दल आमच्या शिक्षकखोलीत थोडी थट्टा होते. मराठवाड्यातल्या माणसाने दुष्काळावरचे, स्थलांतरावरचे, निदान निजामी राजवटीवरचे काही वाचावे-ऐकावे, अशी एक न बोललेली अपेक्षा असते. मी तेही वाचते. परंतु आपल्या भागात दुःखाचा तुटवडा नाही, आणि दिवसभर पोरांच्या गैरहजेरीची कारणे ऐकून परतणाऱ्या बाईला एखाद्या गोष्टीत दोन माणसे अखेरीस एकमेकांची होणार आहेत एवढी हमी हवीशी वाटली, तर त्यात कमीपणा कसला, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

ही हमी या प्रकाराचा पायाच आहे. अमेरिकेत १९८० साली स्थापन झालेल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखक-संघटनेने प्रेमकादंबरीची व्याख्या करताना दोनच अटी घातल्या आहेत: कथेच्या मध्यभागी प्रेमकहाणी असावी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशादायी असावा. म्हणजे शेवट आधीच फुटलेला असतो, आणि तरीही ऐकणारी शेवटच्या मिनिटापर्यंत ऐकते. याचे नवल आपल्याला तरी वाटू नये. पैठणच्या नाथांचे रुक्मिणी स्वयंवर पिढ्यान्‌पिढ्या घरोघर वाचले जाते, लग्न जमावे म्हणून मुली त्याची पारायणे करतात, आणि कृष्ण येणार हे लहान पोरालाही ठाऊक असते. तरी चांगला कीर्तनकार तो भाग लावतो, पत्र घेऊन गेलेला ब्राह्मण अजून परतत नाही आणि रुक्मिणी वाटेकडे डोळे लावून बसते, तेव्हा मंडपातल्या बायका खरोखरच काळजीत पडतात. कीर्तनकाराला शेवट ठाऊक असतो, पण त्या घटकेपुरता तो रुक्मिणीपेक्षा जास्त काही जाणत नाही.

माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे, शालू. गोड शेवटाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या बहुतेक आवाजांचा दोष हा की ते फार लवकर हसतात. पहिल्या प्रकरणापासून आवाजात एक मधाळ स्मित असते. नायिकेची नोकरी गेली आहे, घरमालक सामान बाहेर काढतो आहे, आणि आवाज मात्र सांगत असतो की घाबरू नका बरे, सगळे छान होणार आहे. लेखिकेने तीनशे पाने खपून जी अनिश्चितता उभी केली, ती अभिवाचिकेने पहिल्या पाच मिनिटांत मोडीत काढलेली असते. ऐकणारीला हमी हवी असते हे खरे. पण ती हमी कथेने पुरवायची असते, आवाजाने नव्हे.

एक नमुना देते. परवा ऐकलेल्या एका कादंबरीत (नाव लिहीत नाही, कारण वाचणारी बाई अन्यथा गुणी आहे) नायक-नायिकेचा मोठा बेबनाव होतो. ती त्याच्या स्वयंपाकघरात उभी आहे, चहा अर्धा राहिला आहे, आणि ती म्हणते, ‘निघते मी.’ दोनच शब्द. आमच्या अभिवाचिकेने ते कंठ दाटून, शेवटचा स्वर लांबवून, जवळजवळ हुंदक्यात म्हटले. लेखिकेने मात्र त्याच्याआधीच्या ओळीत लिहिले होते की तिने कप विसळून पालथा घातला. जी बाई रडवेली असताना दुसऱ्याच्या घरचा कप विसळून ठेवते, ती ‘निघते मी’ हे कामावरून सुटताना म्हणावे तसे म्हणेल. सपाट, थोडे घाईने, दाराकडे पाहत. तसे वाचले असते तर हुंदका मला आला असता. तिने तो स्वतःच वापरून टाकला, मला काही उरले नाही. पुस्तक तुझ्या हाती येईल तेव्हा संवादाआधी ती व्यक्ती हाताने काय करते आहे तेवढे पेन्सिलीने अधोरेखित करून ठेव. माझ्या मते आवाज कसा लावायचा हे नव्वद टक्के वेळा त्यातच लिहिलेले असते.

दुसरा प्रश्न पुरुषांच्या आवाजांचा, आणि तो तुला पडणारच. स्त्रीने नायक वाचताना आवाज घशात खाली ओढून भारदस्त केला की नायक देखणा वाटत नाही, सर्दी झालेला वाटतो. मुलीच्या खात्यावर मी इंग्रजीही ऐकते. त्यातल्या ज्युलिया व्हेलन या अमेरिकन अभिवाचिकेचे वाचन अवश्य ऐक. मुळात ती अभिनेत्री आहे, पण पुरुष वाचताना ती आवाज फारसा बदलत नाही असे मला जाणवते. ती लय बदलते. तो थोडा संथ बोलतो, वाक्याच्या शेवटी कमी चढतो, आणि दोन मिनिटांत कानाला कळते की हा तो. उलट पुरुष अभिवाचकांनी नायिका वाचताना जे नाजूक, वरच्या पट्टीतले बोलणे सुरू केले की मी ते पुस्तक तिथेच सोडते.

हल्ली दोन आवाजांची फार चलती आहे. एक प्रकरण तिच्या तोंडून, एक त्याच्या तोंडून अशी कादंबरी असली तर तिची प्रकरणे स्त्री वाचते आणि त्याची पुरुष. कल्पना रास्त आहे, पण एक गंमत होते: तिच्या प्रकरणात त्याचे संवाद तीच वाचते, त्यामुळे एकाच नायकाला दोन आवाज होतात आणि दर प्रकरणाला माणूस बदलल्यासारखा वाटतो. त्यावर तोडगा म्हणून दुसरा प्रकार आला, ज्यात ज्याचा संवाद त्यानेच म्हणायचा. तो ऐकायला नभोनाट्यासारखा होतो. फरक इतकाच की नभोनाट्यात पात्रे एका मायक्रोफोनपुढे उभी असत आणि एकमेकांचे ऐकून उत्तर देत. इथे दोघांनी वेगवेगळ्या दिवशी, कधी वेगवेगळ्या गावी आपापले संवाद म्हणून ठेवलेले असू शकतात, आणि जोडताना प्रेमातल्या दोन माणसांच्या मध्ये एक सांधा राहतो तो राहतोच. मला विचारशील तर एकाच माणसाने सगळे वाचावे. प्रेमकथेत सांगणाऱ्याशीही आपली ओळख होत असते, आणि त्या ओळखीवर पुढचे नऊ तास निभवायचे असतात.

आजीबद्दल लिहिलेच पाहिजे. असल्या प्रत्येक कादंबरीत दोघांना जवळ आणणारी एक आजी किंवा आत्या असते, आणि प्रत्येक अभिवाचिका तिला कापऱ्या, बोळक्या आवाजात वाचते. मला सांग, आपल्याकडच्या कोणत्या सत्तरीतल्या आजीचा आवाज कापरा आहे? माझ्या सासूबाई ओसरीवरून हाक मारतात तेव्हा गल्लीच्या टोकाचा किराणावाला ओ देतो. म्हाताऱ्या बायका मोठ्याने बोलतात, मध्येच विषय बदलतात, समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देत नाहीत; वय दाखवायचे तर तिथे दाखवावे.

तसेच गावाचे. पुण्याची मुलगी खेड्यात येते आणि तिथल्या शेतकऱ्याच्या प्रेमात पडते, ही कथा आता मराठीत बरीच ऐकू येते. तो शेतकरी कोणत्याही जिल्ह्यातला असो, त्याला आवाज मात्र तमाशापटांतून उचललेला एकच रांगडा मिळतो. एका कादंबरीतला नायक स्पष्टपणे लातूर जिल्ह्यातला होता, सोयाबीनच्या भावाने गांजलेला होता, आणि बोलत होता सातारा-कोल्हापूरकडच्या पाटलासारखा. आपल्याकडे परभणीत माणूस ‘काय करायलास?’ विचारतो आणि उदगीरकडे गेले की ‘काय करूलालास?’ असे ऐकू येते. त्यात दरारा नसतो, एक आळसावलेली माया असते, आणि प्रेमकथेतल्या नायकाला ती किती शोभून दिसली असती! तुझे पुस्तक कुठल्या भागातले आहे ते तू लिहिले नाहीस. आपल्या भागातले असेल तर तू जन्मभर ऐकलेले तसेच बोल, आणि ‘जरा ग्रामीण करा’ अशी सूचना कोणी केलीच तर नम्रपणे विचार, कोणते ग्राम?

काही बारीकसारीक गोष्टी. ‘ती कुजबुजली’ असे लिहिले आहे म्हणून खरोखर कुजबुजू नकोस. गाडीच्या खडखडाटात ते ऐकूच येत नाही, मी आवाज वाढवते आणि पुढचे वाक्य कानठळ्या बसवते. ‘ती खळखळून हसली’ हे वाचायचे असेल तर आधी हसून दाखवू नये, नाहीतर एकच हसणे दोनदा होते. ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ हे शब्द डोळ्याला दिसत नाहीत, पण कानाला टोचतात. ते टाळता येत नसतील तर जमिनीलगत ठेवून पुढे जावे. शारीरिक जवळिकीचे प्रसंग काही जणी परीक्षेचा पेपर सुटल्यासारखे धावत उरकतात आणि काही जणी श्वासांची आतषबाजी करतात. तिथे लेखिकेच्या वाक्याची जी गती असेल तीच पुरेशी आहे. आणि प्रेमाचा कबुलीजबाब आला की मागे बासरी वाजवण्याची जी प्रथा आहे, ती तुझ्या हातात असेल तर बंद पाड. कबुलीजबाबाआधीचा क्षणभराचा रिकामेपणा हा या प्रकारातला सर्वांत मौल्यवान भाग आहे. तो मी दीडपट वेगाने ऐकणाऱ्या माझ्या लेकीलाही गमावू देत नाही, वेग कमी करायला लावते.

घरीच ध्वनिमुद्रण करण्याचा तुझा विचार असेल तर अंदाज असावा म्हणून लिहिते. इंग्रजीत तयार ऑडिओबुकच्या तासाभरात साधारण नऊ ते साडेनऊ हजार शब्द बसतात असे धरतात, म्हणजे ऐंशी हजार शब्दांची कादंबरी नऊ तासांच्या आसपास जाते. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटत असल्याने तासात शब्द कमी बसणार. तयार एका तासासाठी निदान दोन तास बसावे लागते, चुका काढणे वेगळेच. एसीएक्स या ऑडिओबुके तयार करून विकण्याच्या अमेरिकन व्यासपीठाचे नियम मी चाळले आहेत: बोलणे थांबल्यावर खोलीचा स्वतःचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली असावा, आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ च्या दरम्यान, आणि उंचातला उंच आवाज उणे ३ च्या वर जाऊ नये. यातला पहिला नियम आपल्याकडे फार अवघड आहे. पंखा बंद, कूलर बंद, आणि शेजारची बोअरची मोटार सुरू व्हायची वेळ टळलेली, असा मुहूर्त परभणीत पहाटेच सापडतो. म्हणून काय ते होळीच्या आत उरकून घे. वैशाखात बिनपंख्याच्या खोलीत प्रेमाचे संवाद म्हणणे हे मनुष्याच्या शक्तीबाहेरचे काम आहे. भिंतींना आतून वाकळा टांगल्या की आवाज घुमत नाही. एवढेच कर की श्वास सगळे कापून टाकू नकोस. श्वास काढून टाकलेले बोलणे स्वच्छ असते, पण त्या बाईला कधी कोणी आवडले असेल यावर विश्वास बसत नाही.

आता नमुना पाठवण्याविषयी. पहिले प्रकरण पाठवू नकोस, ते सगळेच चांगले वाचतात. मधले एखादे पाठव, जिथे दोघे क्षुल्लक कारणावरून भांडतात आणि दोघांनाही थोडे थोडे हसू येत असते. ते जिला साधले तिला बाकीचे साधते. व्हॉट्सॲपवर थेट आवाजी संदेश म्हणून न पाठवता फाइल डॉक्युमेंट म्हणून जोड, म्हणजे तिचे कडबोळे होणार नाही. मी ते घरी शांत बसून नाही, सेलूच्या गाडीतच ऐकेन, आणि जिथे जिथे कान दुसरीकडे गेला तिथली मिनिटे लिहून कळवेन.

मोबदला आगाऊ किती आणि मागाहून किती, हे लेखी घेतल्याशिवाय शेवटचे प्रकरण देऊ नकोस. तुझ्या आईंना साष्टांग नमस्कार, आणि त्यांचा आवाज कादंबरीतल्या आजीसाठी नीट ऐकून ठेव.

तुझीच,
मंगल